आज पुनव नव्हती

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सुकेशनीस जयभीम.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तुझी आई बोलते आणि मी शेजारी बसून मान हलवतो, पण मान हलवलेली फोनमधून ऐकू जात नाही. व्हिडिओ लावा म्हणतेस, तर त्यात तुझ्याआधी मला माझंच तोंड दिसतं. ऑपरेशनमध्ये निम्मी जीभ गेली, जबडा वाकडा झाला. डॉक्टरांना बोल लावत नाही, तंबाखू मीच खाल्ला. आता घशातून जे निघतं ते फक्त तुझ्या आईला कळतं, आणि तीही निम्मं आपल्या सोयीनं कळून घेते. मोबाईलवर टाइप करायला बसलो की एका ओळीत चहा गार होतो. हात मात्र शाबूत आहे. तेव्हा इथून पुढं पत्रच.

नोकरीवर रुजू झालीस, बरं वाटलं. आपल्या घरातली पहिली नर्स एकदम समुद्राकाठच्या उपकेंद्रात जाईल असं वाटलं नव्हतं. विहीणबाईंची चिंता वाटते. अर्धांग गेलेलं माणूस एवढ्या लांब न्यायचं म्हणजे सोपं नाही. राजकुमार फौजेत, त्याला सुट्टी मिळेल तेव्हा खरी. मी तर म्हणत होतो, त्यांना इथं आमच्याकडं ठेव. पण तुझ्या आईला त्या काय म्हणाल्या ते तुला माहीत आहे. "लेकाच्या सासुरवाडीत अंथरूण टाकून पडू व्हय?" यावर मी आपली मान हलवली.

इथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. तुझ्या तर म्हणे दारातच खाडी. नशीबवान आहेस.

तुझा,
बाबा

*

उपकेंद्र, मोरखाडी, जि. रायगड
९ नोव्हेंबर २०२५

बाबा, सप्रेम जयभीम.

पोस्टमन तुमचं पाकीट घेऊन आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मॅडमची आल्या आल्या बदली झाली. पत्र तीनदा वाचलं, एकदा आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांचं स्वतःचं सासुरवाडीचं वाक्य आलं तेव्हा त्या गालात हसल्या.

परवाच्या पौर्णिमेला तुम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेला असाल. आई फोनवर सांगत होती, चंद्र एवढा मोठा कधी पाहिला नव्हता, खीर केली, आख्खी गल्ली गच्चीवर होती. इथंही तो तेवढाच मोठा होता. आणि खाडीचं पाणी बांधावरून आमच्या घरात आलं.

आईला मी हे सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. मोठ्या भरतीला इथं उधाण म्हणतात. गावाची घरं वर टेकाडाला आहेत, आमची क्वार्टर मात्र खाली, बांधाच्या आतल्या सखल जागेत. बांधाला जागोजाग भगदाडं पडलीत. शेजारच्या सरूबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून आत्याबाईंना शाळेच्या वरच्या खोलीत हलवलं. चौघांनी त्यांना खाटेसकट उचललं. आत्याबाईंनी चांगल्या हातानं पदर तोंडावर ओढला आणि शाळा येईपर्यंत सोडला नाही. माणसं भली आहेत. खाली ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "मेल्यावर चौघं उचलतेतच की गं. जित्तेपणी कशाला?"

बाबा, दर पौर्णिमेला त्यांचे असे हाल करायचे का? सगळ्या पौर्णिमा सारख्याच असतात का हो? तुम्हाला आकाशाचं वेड आहे म्हणून विचारते.

तुमची,
सुकेशनी

*

मुकुंदवाडी
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सुकेशनी,

तुझं पत्र तुझ्या आईपासून लपवलं. गव्हाच्या डब्यात.

सगळ्या पौर्णिमा सारख्या नसतात. चंद्राची वाट नेमकी गोल नाही, जराशी चेपलेली आहे, आणि पृथ्वी तिच्या मधोमध नाही. त्यामुळं तो कधी जवळ येतो, कधी लांब जातो. जवळ आला की मोठा दिसतो आणि समुद्राला जास्त ओढतो. ही पौर्णिमा नेमकी तो सगळ्यात जवळ असताना आली. आम्ही खीर खात होतो तेव्हा तुझ्या घरात पाणी होतं, हे वाचून ती खीर आठवायलाही नको वाटते.

आता ऐक. मी जन्मभर शेंद्र्याच्या कारखान्यात मापं तपासली. शहागंजातल्या कापडवाल्याकडून एक जुनी मीटरपट्टी आणली आहे. तिच्यावर एक बारीक भोकाचा वॉशर पुढं-मागं सरकेल असा बसवला. पट्टीचं टोक डोळ्याच्या कडेला टेकवायचं आणि चंद्र भोकात बरोब्बर मावेपर्यंत वॉशर सरकवायचा. चंद्र मोठा असला तर वॉशर डोळ्याजवळ येतो, लहान असला तर लांब जातो. दर पौर्णिमेला चंद्र उगवताच मी माप घेऊन तुला मोबाईलवर एका शब्दात कळवीन. ज्या पौर्णिमेला चंद्र लहान, त्या पौर्णिमेला विहीणबाईंना हात लावायचा नाही.

एवढ्या लांबून, मुक्या माणसाला एवढंच करता येतं. पण हे मी करीन.

बाबा

*

मोरखाडी
८ मार्च २०२६

बाबा, जयभीम.

तुमच्या वॉशरचा गावात बोलबाला झालाय. डिसेंबर-जानेवारीत तुम्ही 'मोठा' लिहिलंत, दोन्ही वेळा पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, दोन्ही वेळा आत्याबाई वर. फेब्रुवारीत तुम्ही 'उतरला' लिहिलंत आणि या होळीला 'आणखी उतरला'. दोन्ही वेळा मी जीव मुठीत धरून त्यांना घरातच ठेवलं. पाणी बांधाच्या पलीकडंच राहिलं. आत्याबाई खुश. म्हणतात, "तुझा बाप बोलत नाय, पर चंद्राला बोलतं करतो."

आता त्या चांगल्या हातानं स्वतः जेवतात. खाट खिडकीला लावून दिलीय. गज धरून जरा उठून बसतात आणि बगळे बघतात.

सरूबाई म्हणतात आवसेलाही उधाण असतं, आवसेलाही घर सोडा. त्याच दिवशी त्या दारावर लिंबू-मिरची बांधतात आणि लेकीला केस मोकळे सोडून बाहेर पडू देत नाहीत, त्यामुळं त्यांचं कुठलं ऐकावं ते कळत नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवलं. आल्यापासून एकाही आवसेला पाणी बांधाला लागलेलं नाही.

सुकेशनी

*

मुकुंदवाडी
१६ मार्च २०२६

चि. सुकेशनी,

विहीणबाईंना माझा जयभीम सांग. खिडकीचं वाचून फार बरं वाटलं.

आवसेचं मनावर घेऊ नकोस. माझ्या बापानं घरातलं पंचांग चुलीत घातलं आणि माझं लग्न मुद्दाम आवसेला लावलं. भावकी म्हणाली, वर्षभरात काहीतरी वाईट होणार. वर्षभरात तू झालीस. मी कारखान्यात नवं मशीन चालू करायचो तेही आवस बघून, लोकांची भीती मोडावी म्हणून. ज्या दिवशी चंद्र दिसतसुद्धा नाही त्या दिवसाचं कसलं भय? पाच महिने तूच बघितलंस ना, काही झालं नाही.

तुझी आई मशीनवर बसून पांढरे ब्लाउज शिवते आहे. बुद्धपौर्णिमेच्या ऑर्डरी आल्यात. चाक खडखडतं म्हणून माझ्यावर रागवते, जसं काही मीच चाक आहे.

बाबा

*

मोरखाडी
२० मे २०२६

बाबा, जयभीम.

या वेळी तुमचा सल्ला हवाय, आणि जरा घाईनं.

शनिवारी आवस झाली. रविवारी-सोमवारी खाडीचं पाणी अंगणात आलं. घरात नाही, पायरीपर्यंत. बुद्धपौर्णिमेला तर ते बांधाच्या कुठल्या कुठं खाली होतं. मला वाटतं बांधाचं एक भगदाड वाढलंय, तिथून आलं असेल. सरूबाई म्हणाल्या, मी सांगत नव्हते का.

आता गावकरी म्हणतात, जूनमध्ये वारा सुटला की पाण्याचा भरवसा नाही, म्हातारीला आत्ताच वर हलवा. शाळा जूनच्या मध्याला उघडेल, मग ती वरची खोली एक-दोन दिवसांपलीकडं मिळायची नाही. पण आत्ताच हलवलं तर मुख्याध्यापक पावसाळाभर जिन्याखालची कोठी देतो म्हणालेत. कोठीला खिडकी नाही. आत्याबाईंना विचारलं तर त्यांनी गज घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाला इचार. तो म्हणंल तसं."

मी तुमच्यावर सोडते, बाबा. बदलीच्या अर्जाचं अजून काही नाही.

सुकेशनी

*

मुकुंदवाडी
१ जून २०२६

चि. सुकेशनी,

कालच्या पौर्णिमेपर्यंत मुद्दाम थांबलो, म्हणजे मापाशिवाय बोलायला नको. काल वॉशर पट्टीवर जेवढा लांब गेला तेवढा अजून कधीच गेला नव्हता. दोनदा चष्मा पुसून बघितलं. चंद्र वर्षभरातला सगळ्यात लहान आहे, म्हणजेच सगळ्यात लांब. पेपरातही तसंच आलंय.

तेव्हा विहीणबाईंना खिडकीतून हलवू नकोस. चंद्र हळूहळू मोठा होत जाईल, महिना-दोन महिने तरी धोका दिसत नाही. माप वाढायला लागलं की मी आधी कळवीन. अंगणातलं पाणी भगदाडाचंच असणार, ते बुजवायच्या मागं लाग. आणि आता अधिक महिना चालू आहे. त्यातली आवस म्हणून लोक तुला दुप्पट घाबरवतील. ऐकू नकोस.

कोठडीत राहायला त्यांनी काय गुन्हा केलाय? माझ्या शब्दावर त्यांना तिथंच राहू दे.

बाबा

*

मुकुंदवाडी
१५ जून २०२६, सोमवार

सुकेशनी,

हे तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहितो, कारण दुसरं काही करता येत नाही.

तुझी आई काल बहिणीकडं अजिंठ्याला गेली. जाताना म्हणाली, येईपर्यंत मशीन नीट करून ठेवा. सकाळी चाक फिरवून बघितलं. आतली बूश, चाकाच्या दांड्याभोवतीची नळी, झिजलीय, चाक केंद्रातून सरकलंय. एका बाजूला पट्टा सैल पडतो आणि अर्धा फेरा झाला की तोच पट्टा ताणून तुटायला येतो. हात लावून फिरवत राहिलो. सैल, ताण, सैल, ताण. मग उठून कॅलेंडर बघितलं.

पौर्णिमेपासून आवस म्हणजे अर्धा फेरा. पौर्णिमेला चंद्र सगळ्यात लांब असेल, तर पंधरा दिवसांनी, आवसेला, तो सगळ्यात जवळ असणार. दिसत नाही, पण असतो तिथंच, आणि सूर्याच्या बाजूनं उभा राहून त्याच्याबरोबर ओढतो. हिवाळ्यात मोठ्या पौर्णिमा होत्या म्हणून आवसा गरीब होत्या. आता उलटं झालं. मी चंद्राचं माप बरोबर घेतलं आणि अर्थ उलटा लावला. जन्मभर शाफ्टमधला हाच दोष पकडायचा पगार खाल्ला, आणि तो दिसला केव्हा, तर आज. आज आवस आहे.

तुला फोन लावला. तू म्हणालीस, "बाबा? तुम्ही? काय झालं? आई बरी आहे ना?" मी म्हणत होतो, त्यांना वर ने. काय निघालं ते मलाही ऐकू आलं. कुत्रं घुसमटल्यासारखं. तू ओरडून 'आई, आई' विचारत होतीस. मग फोन कटला. परत लावला, लागेना. मेसेज टाइप केला, एकच टिक आली. शेजारच्या प्रणयकडं धावलो, पाटीवर लिहून दिलं. त्यानं पाचपन्नास वेळा लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

बारा वाजायला आलेत. तुझी भरती दुपारी असते ना?

बाबा

*

मोरखाडी
२७ जून २०२६

बाबा,

आईकडून तुम्हाला सगळं कळलंच आहे, ती कार्यापर्यंत इथंच होती. पण तुम्हाला मी स्वतः सांगायला हवं. राजकुमार काल ड्युटीवर परत गेले. घरात आता मी एकटीच आहे.

तुमचा फोन आला तेव्हा सकाळपासून वारा होता, लाइट नव्हती. तुम्ही कधी फोन करत नाही. तुमचा तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, आई गेली. तुम्ही रडताय असं वाटलं. धड रेंज फक्त वर टेकाडावर मिळते. मी आत्याबाईंना म्हणाले, आईला काहीतरी झालंय, वर जाऊन फोन करून येते. त्या म्हणाल्या, "जा तू. माझी काळजी करू नको. आज काय पुनव हाय व्हय?"

वर गेले तर टॉवरच बंद. मी तिथंच या दगडावरून त्या दगडावर फोन उंच धरून फिरत राहिले. खाली बघितलंच नाही. बघितलं तेव्हा बांध दिसत नव्हता, नुसतं पाणी. उतरेपर्यंत वाट कमरेएवढी बुडाली होती. ओढ एवढी की पाय टिकेना, लोकांनी मला धरून ठेवलं. तिथून आमची खिडकी दिसत होती, बाबा. गजातून बाहेर आलेला हात दिसत होता. मी नर्स आहे, आणि मी तिथं उभी राहून हात बघत होते.

होडी नेली तेव्हा पाणी खाटेच्या वर होतं. त्या गज धरून तेवढ्या एका हातावर बसून राहिल्या होत्या. बोटं एकेक करून सोडवावी लागली. या वेळी पदर तोंडावर घ्यायला हात मोकळा नव्हता. मीच त्यांचा पदर ओढून दिला. होडीत त्यांनी मला पहिलं विचारलं, "आई बरी हाय ना गं तुझी?"

पाणी छातीत गेलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात ताप उतरला नाही, रविवारी गेल्या. शेवटपर्यंत त्यांना हेच वाटत होतं की तुमच्या घरात काहीतरी दुःख झालंय आणि मी ते लपवते आहे. मी शपथेवर सांगितलं, आई बरी आहे. त्यांना पटलं नाही.

तुमचं पंधरा तारखेचं पत्र त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हा कळलं तुम्ही काय सांगत होतात. तुम्ही फोन केला नसतात तर मी घरात असते. पण घरात असते तरी त्यांना एकटीनं उचलू शकले नसते, हेही खरं. मी यावर रोज विचार करते आणि कुठंच पोचत नाही. तुमच्यावर राग धरावा म्हणते, तर तुमचा तो आवाज आठवतो. सरूबाई येऊन बसतात. 'मी सांगत होते' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

क्वार्टर तीच आहे. दुसरी नाही म्हणतात.

सुकेशनी

*

मुकुंदवाडी
१४ जुलै २०२६

चि. सुकेशनी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. माफी मागायची तर ती त्यांची मागायची, आणि त्या माझ्या शब्दावर त्या खिडकीत बसल्या होत्या.

पट्टी आणि वॉशर माळ्यावर टाकले होते. २९ जूनच्या पौर्णिमेला परत काढले. चंद्र अजून लहानच आहे. म्हणजे आजची आवस पुन्हा जवळची. तुझ्या आईनं कालपासून तुला दहा वेळा फोन केला तो मीच करायला लावला. वर शाळेत गेलीस हे ऐकलं तेव्हा जेवलो. उद्या-परवाही खाली उतरू नकोस, आवस सरली तरी पाणी एक-दोन दिवस चढतंच असतं. हेही मला आता कळलंय. बदलीसाठी इथल्या दोन-तीन साहेबांच्या दारात जाऊन आलो. पाटीवर लिहून दाखवतो. ते वाचतात, मान हलवतात आणि पाटी परत देतात.

आज सर्जेराव आला होता, माझा कारखान्यातला जोडीदार. तुला आठवत असेल, माझ्याबरोबर तोही मुद्दाम आवसेला मशीन चालू करायचा. त्याच्या नातवाच्या दुकानाचं आज उद्घाटन. मुद्दाम आवस धरली, माझ्या हातानं फीत कापायची म्हणून. मी हातानं नाही म्हणालो. आज फोनजवळून हलायचं नव्हतं, दुपार टळेपर्यंत घड्याळ बघत बसायचं होतं. त्यानं भिंतीकडं बघितलं. कॅलेंडरवर वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या आवसांना मी लाल पेनानं गोल केलेत.

त्यानं एका गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "भिकनराव, तुम्हीबी आवस पाळायला लागले व्हय?"

मला त्याला सांगायचं होतं की मी आवस पाळत नाही, चंद्राचं अंतर पाळतो. माझी लेक खाडीकाठी आहे, म्हणून पाळतो. पाटी आत राहिली होती. मी तोंड उघडलं, सगळा जोर लावून बोललो. तो हात जोडून ऐकत राहिला, आणि मी थांबल्यावर "व्हय, व्हय" म्हणत चपला घालून निघून गेला.

उद्याची भरती उतरली की एक फोन कर. तुझी आई उचलेल. मी शेजारीच असेन.

तुझा,
बाबा